तान्ह्या बालकांचे उदरविकार : औषधापूर्वी निरीक्षण

गतवर्षीच्या पावसाळ्यात मंगरूळपीर तालुक्यातील एक आजी दोन महिन्यांच्या नातवाला घेऊन प्रस्तुत लेखकाच्या चिकित्सालयात आली. आई सोयाबीनच्या निंदणाला गेलेली. चार दिवस शौच झाले नाही म्हणून आजीने एरंडेल पाजले आणि अतिसार सुरू झाला. बालक मलूल झाले होते. तत्काळ रुग्णालयात पाठविल्याने ते वाचले. परंतु मूळ तक्रार हा विकारच नव्हता!

काश्यपसंहितेतील वेदनाध्याय बोलू न शकणाऱ्या बालकाची वेदना ओळखावयास शिकवितो. उदरशूल असता बालक स्तन सोडून रडते, पोट ताठरते, मुखावर घाम येतो. अर्थात आधी निरीक्षण, मग औषध.

केवळ स्तन्यावरील बालकास दिवसातून आठ वेळा शौच होईल किंवा पहिल्या महिन्यानंतर आठवडाभर होणारही नाही. मल व पोट मऊ असल्यास तो विबंध नव्हे. पाजल्यावर थोडे दूध बाहेर येणे स्वाभाविक आहे. वजन वाढत असल्यास चिंता नको, खांद्यावर घेऊन ढेकर काढावा. सायंकाळचे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते व चौथ्या महिन्यापर्यंत बहुधा शमते.

खरी हानी उपायांनी होते. अस्वच्छ सहाणेवरील घुटीने जंतुसंसर्ग होतो. एक वर्षाखालील बालकास मधामुळे बोटुलिझम हा क्वचित, पण घातक विकार संभवतो. परंपरेचा आदर राखूनही हे आपण मान्य करावयास हवे. अघोरी उपायही सरलेले नाहीत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातील सिमोरी येथे 22 दिवसांच्या आजारी बालकाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे 65 चटके दिल्याचे फेब्रुवारी 2025 मध्ये उघड झाले.

अतिसारात स्तनपान थांबवू नये. दोन महिन्यांवरील बालकास प्रत्येक पातळ शौचानंतर 50 ते 100 मि.ली. ओआरएस चमच्याने द्यावे. सोबत 14 दिवस झिंक द्यावे : सहा महिन्यांपर्यंत रोज 10 मि.ग्रॅ., पुढे 20 मि.ग्रॅ. दोन महिन्यांखालील बालकाचा अतिसार, हिरवी उलटी, मलात रक्त, ताठ फुगलेले पोट, ताप, स्तनपान नाकारणे, लघवी कमी होणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे.

आजीला दोष देऊन भागणार नाही. गरोदरपणातच सून व सासू दोघींनाही समोर बसवून हे सांगणे, हे आपणा वैद्यांचे कर्तव्य आहे.