क्षयाच्या जंतूचं खाणं

अमळनेरला १९४५ साली महंमद हाशम प्रेमजींनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला आणि पुढे त्याचीच विप्रो झाली, हे खान्देशात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तेल शुद्ध करताना शेवटी त्यात वाफ सोडून वास काढतात, ही गोष्ट मात्र कमी जणांना माहीत असते. त्या वाफेबरोबर उडून जाणारा अंश थंड केला की जो चिकट ऐवज उरतो, त्यात स्टेरॉल असतात. सरकी असो, भुईमूग असो की सोयाबीन, स्टेरॉल सगळ्यांच्याच तेलात. औषध कंपन्या हा ऐवज आवर्जून विकत घेतात, कारण त्यातून स्टेरॉइड औषधं बनतात.

स्टेरॉलच्या रेणूत एकमेकींना चिकटलेल्या चार कड्या असतात आणि एक शेपटी. कोलेस्टेरॉल, कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन या साऱ्यांचा सांगाडा त्या चार कड्यांचाच. मातीतले काही मायकोबॅक्टेरिया हा रेणू खाऊन जगतात. शेपटी खायची, पण कड्यांना तोंड लावायचं नाही, असे त्यांचे बदललेले वाण १९७० च्या दशकात तयार झाले. उरलेल्या कड्यांपासून कारखान्यात हार्मोन घडवता येतात.

याच कुळातला क्षयाचा जंतू मात्र कड्याही सोडत नाही. आपल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, आणि तो त्यांच्या पोटात बसून त्यांचंच कोलेस्टेरॉल खातो. अमित पांडे आणि ख्रिस्तोफर ससेटी यांनी २००८ मध्ये कोलेस्टेरॉल आत ओढून घेणारी त्याची यंत्रणा बंद पाडून पाहिली. असा जंतू उंदराच्या फुप्फुसात सुरुवातीला नेहमीसारखा वाढला, पण पुढे त्याला तिथे टिकाव धरता आला नाही. कोलेस्टेरॉलच्या तुकड्यांतून तो नुसती ऊर्जा मिळवत नाही, स्वतःच्या आवरणातले स्निग्ध पदार्थही बनवतो. वर्षानुवर्षं दडून बसण्याची त्याची ताकद काही अंशी या खाण्यात आहे.

हार्मोनवर थेट पोसले जाणारे जंतूही आहेत. गरोदरपणी हिरड्यांतून रक्त येतं, आणि घरच्या बायका उष्णता वाढली म्हणतात. कॉर्नमन आणि लोशे यांनी १९८२ मध्ये दाखवलं, की हिरड्यांतल्या एका जंतूला वाढीसाठी लागणाऱ्या के जीवनसत्त्वाची जागा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन भरून काढतात. उलट परम्याच्या जंतूची वाढ प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉनमुळे खुंटते. तेव्हा हार्मोन जंतूंना पोषक की मारक, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही.

मग प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीवर क्षयाचा जंतू पोसतो का? गोळीचा मुख्य उपद्रव वेगळ्या वाटेने होतो. दडलेल्या जंतूभोवती आपल्या पेशींनी घातलेला वेढा ती सैल करते. ब्रिटनमधल्या २००६ च्या एका अभ्यासात अशी औषधं चालू असलेल्यांना क्षय होण्याची शक्यता सुमारे पाचपट आढळली, आणि दिवसाला १५ मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा असलेल्यांमध्ये ती साडेसातपटीहूनही अधिक निघाली. दम्यावर किंवा गुडघेदुखीवर कुणी सुट्या पुडीतून गोळ्या देतो, दोन दिवसांत हुशारी वाटते, आणि पेशंट पुन्हा तीच पुडी मागायला जातो. तिच्यात स्टेरॉइड होतं हे त्याला कळतच नाही. पुढे खोकला हटेना म्हणून तो डॉक्टरकडे गेला, तर काय घेत होतो ते सांगणार तरी कसं?

आणि तरीही क्षय मेंदूच्या आवरणात शिरला की डॉक्टर क्षयाच्या औषधांबरोबर स्वतःहून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू करतात. तिथे जंतूइतकीच सूजही जीवघेणी असते. व्हिएतनाममध्ये अशा ५४५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. स्टेरॉइड मिळालेल्या गटात मृत्यू कमी झाले होते, पण वाचलेल्यांमधलं गंभीर अपंगत्व काही घटलं नव्हतं.