शंभराच्या एंजिनावर एकशेपस्तीसचा ब्लॉक

वडगाव, कामशेत, लोणावळा या मावळपट्ट्यातील रस्त्यांवर अजूनही एखादी यामाहा आर.एक्स. १०० फटफटत जाताना तुम्हांला दिसेल. १९८५ साली भारतात आलेल्या या मोटारसायकलचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. पुढे हिच्यावर नंतरच्या आर.एक्स. १३५ चा ‘ब्लॉक’, म्हणजे सिलिंडर, आणि त्यातील दट्ट्या बसविण्याची युक्ती गॅरेजांत रुळली. मातीच्या मार्गावर शर्यती खेळणाऱ्यांनाही ती आवडली. हे जमते कसे?

दोन्ही एंजिनांत दट्ट्याची धाव ५० मि.मी.च आहे. सिलिंडरचा व्यास मात्र एकात ५० मि.मी., तर दुसऱ्यात ५८ मि.मी. क्षेत्रफळाला धावेने गुणा, म्हणजे घनफळे अनुक्रमे ९८ आणि १३२ घन सें.मी. येतील. धाव सारखी, म्हणून खालचा क्रँक तोच चालतो. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण दोन धावांच्या या एंजिनात सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या दट्ट्याच उघडतो आणि मिटतो. धाव वेगळी असती तर त्यांच्या वेळा चुकल्या असत्या. तरीही नव्या ब्लॉकचा खालचा गळा क्रँकपेटीच्या तोंडात बसतो का, हे कॅलिपरने मोजूनच पाहावे लागते.

आता हेड. समजा, हेडमधील पोकळी १४ घन सें.मी. आहे. पूर्ण धाव धरली तर जुन्या एंजिनाचे संपीडन गुणोत्तर (९८+१४)/१४ म्हणजे ८ होईल. तेवढीच पोकळी १३२ घन सें.मी.च्या सिलिंडरवर ठेवली, तर ते १०.४ वर जाईल! इतके दाबलेले मिश्रण फार तापते आणि एंजिन ठोके देऊ लागते. म्हणून ब्लॉकबरोबर हेडही १३५ चेच हवे. शिवाय दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ३५ टक्क्यांनी वाढले; दाब तेवढाच धरला तरी जुन्या कनेक्टिंग रॉडवर आणि बेअरिंगवर बलही तितकेच वाढते. याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही.

खरा धोका घाटात कळतो. दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, सिलिंडरचे अस्तर बिडाचे. दोन्ही १०० अंश सेल्सिअसने तापले, तर ५८ मि.मी. व्यासाचा दट्ट्या अस्तरापेक्षा सुमारे ०.०५ मि.मी. जास्त फुगतो. दोघांमधील मूळ फटही काही शतांश मिलिमीटरचीच असते! लेथवाल्याने बोअर घट्ट ठेवला असेल, तर बोरघाटाच्या चढावर दट्ट्या अडकून एंजिन सीझ होते.

हवेचाही वाटा आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे. तेथील हवा सुमारे ६ टक्के विरळ असल्याने मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. तेथे बेतून कार्ब्युरेटरचा जेट लहान केला आणि गाडी खोपोलीला उतरविली, की हेच मिश्रण पातळ होते व एंजिन जास्त तापते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. एंजिनाचे घनफळ हा त्यांतलाच एक तपशील आहे. म्हणून असे प्रयोग शर्यतीच्या बंदिस्त मार्गावरचे. तेथेही खेळाडूची दोन बोटे नेहमी क्लचवर असतात. एंजिन सीझ झाले की मागचे चाकही जखडते, आणि क्लच त्याच क्षणी दाबला तरच ते मोकळे फिरते.