ट्रॅकवरची येझदी आणि तिच्या दोन नळ्या

जुनी मोटरसायकल नवी करून घेतली, असं कोणी सांगितलं की माझी नजर आधी सायलेन्सरकडे जाते. टाकीचा मरून रंग, बाजूंचं क्रोम, गुडघ्याची रबरं ही सगळी हौस मला समजते. पुण्याच्या जुन्या बाजारात हेडलाइटच्या मूळ कडीसाठी मीही कितीतरी रविवार घालवले आहेत. पण गाडी ट्रॅकवर न्यायची म्हटलं की हिशोबच बदलतो. हॉर्न, स्टँड, मडगार्ड, चेनची पेटी सगळं उतरतं आणि उरतं ते इंजिन. येझदीसारख्या टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग आहे. पिस्टन, कार्बोरेटर यांच्या बरोबरीचा, माझ्या मते त्यांच्याहून कांकणभर सरसच.

इतिहास झटपट उरकतो. झेकोस्लोव्हाकियात यानेचेक यांनी १९२९ साली जावा मोटरसायकल सुरू केली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून ती भारतात तयार होऊ लागली, १९७३ पासून टाकीवर येझदी हे नाव आलं आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, म्हणजे जवळपास २५० सीसी. किक आणि गिअरची दांडी एकच. पिस्टनही एकच, पण धुराला बाहेर पडायला पोर्ट दोन, म्हणून सायलेन्सर दोन.

खालचं काम चोख हवं, हे सांगायला नकोच. टू-स्ट्रोकची क्रँककेस हाच तिचा पंप. क्रँकवरचं ऑईल सील कडक झालं की तिथून हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि ब्लॉकमध्ये सीझ होतो. म्हणून इंजिन बांधल्यावर सगळी तोंडं बंद करून आत पाच-सहा पीएसआय हवा भरायची आणि साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवून बुडबुडे शोधायचे. हेडखालची फट मोजायला प्लगच्या भोकातून सोल्डरची तार सरकवून क्रँक हाताने फिरवायचा. चेपलेल्या तारेची जाडी व्हर्नियरवर वाचायची. ही कामं जो टाळतो त्याने नळ्यांच्या नादाला लागू नये.

आता नळ्या. पोर्ट उघडलं की धुराबरोबर दाबाची एक लाट नळीत सुटते. पुढे नळी शंकूसारखी रुंदावते तिथून लाटेचा काही भाग उलटा फिरतो, पण शोषणारा होऊन. तो सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढतो आणि ताजं मिश्रण वर खेचतो. यात थोडं ताजं मिश्रण नळीतही निसटतं. मग लाटेचा उरलेला भाग शेवटच्या निमुळत्या शंकूवर आपटतो आणि दाब घेऊनच परततो. एसटीच्या दारात लोंबकळणाऱ्यांना कंडक्टर आत रेटतो आणि दार ओढून घेतो, तसं ही लाट निसटलेलं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते आणि तेवढ्यात पिस्टन पोर्ट बंद करतो. या नळीत हलणारा एकही सुटा भाग नाही. सगळी किमया पत्र्याच्या मापाची.

आणि ते माप काढता येतं! समजा पोर्ट १७० अंश उघडं राहतं आणि आपल्याला ताकद ६,५०० आरपीएमला हवी आहे. त्या वेगाला १७० अंश फिरायला क्रँकला सुमारे ४.३६ मिलिसेकंद लागतात. तापलेल्या धुरात लाट सेकंदाला ५१८ मीटर जाते असं धरलं, तर तेवढ्यात तिचं जाणं-येणं होतं २.२६ मीटर. म्हणजे पिस्टनपासून शेवटच्या शंकूच्या मध्यापर्यंत अंतर हवं १.१३ मीटर. पोर्ट दोन आहेत म्हणून लांबी निम्मी होत नाही, कारण लांबी वेळेवर ठरते. धूर वाटला जातो म्हणून फक्त घेर कमी होतो. दोन्ही नळ्या मात्र तंतोतंत सारख्या हव्यात, नाहीतर दोन लाटा मागेपुढे येतात आणि मेळ बिघडतो. सुरुवातीच्या सीझेड मोटोक्रॉस गाड्याही अशाच दोन नळ्यांच्या होत्या. सीझेडवरच जोएल रोबेरने १९६४ साली २५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं.

हे शास्त्र शर्यतीत पक्कं केलं ते पूर्व जर्मनीत, झोपाऊ गावच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी. महायुद्धात क्षेपणास्त्रांच्या कामावर असलेला हा इंजिनिअर तुटपुंज्या पैशांत ऑसिलोस्कोपवर नळीतल्या लाटा बघत बसायचा. १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती निघू लागली. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर असताना स्वीडनच्या शर्यतीत त्याचं इंजिन बिघडलं आणि तो तिथूनच पश्चिमेकडे पळाला. काडेन यांची विद्या घेऊन तो सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी ५० सीसी गटात तो जगज्जेता झाला. रोड रेसिंगमधलं टू-स्ट्रोकचं ते पहिलं जगज्जेतेपद. सुझुकाच्या ट्रॅकवर आज डेग्नरच्या नावाचं वळण आहे. माझा सगळा ओढा काडेन यांच्याकडे, हे लपवत नाही.

माझ्या नळ्या झाल्या कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. पत्र्याची कामं करणाऱ्या एका काकांपुढे मी आकृत्यांचे कागद पसरले. सगळे शंकू त्यांनी नीट पाहिले आणि म्हणाले, "पाव्हणं, साचा एकच कापूया. पालथा घातला की दुसऱ्या बाजूची नळी हुतीया." एक मिलिमीटरचा सीआर पत्रा, आधी पुठ्ठ्याचे साचे, मग कात्री, मग रोलर. शिवणीवर बोटभर अंतराने टॅक मारायचे, नळी गाडीला लावून बघायची, वाकली असेल तर टॅक तोडून पुन्हा. सगळं जुळल्यावरच गॅस वेल्डिंगची सलग शिवण. फुगीर भाग इंजिनाखाली दडवावा लागला, कारण वळणात गाडी कलली की तोच आधी जमिनीला घासतो.

कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, वळणावळणांचा. अशा ट्रॅकला टोकाची ताकद कामाची नाही. खालपासून ओढणारी गाडी हवी. म्हणून शंकूंचा उतार मी मुद्दाम सौम्य ठेवला आहे. पेट्रोलमध्ये शर्यतीपुरतं एरंडेलाचं रेसिंग ऑईल घालतो. तापल्यावरही ते पिस्टन सोडत नाही, पण चिकट थर धरतं, म्हणून रोजच्या गाडीत घालू नये. कार्बोरेटरचा जेट ठरतो प्लगवरून: सरळ रस्त्याच्या शेवटी पूर्ण थ्रॉटलवर इंजिन बंद करायचं, क्लच दाबून पिटमध्ये यायचं आणि भिंगाने प्लगच्या चिनीमातीचं पार तळाचं कडं बघायचं. तिथे बारीक तपकिरी रेघ असेल तर जेट बरोबर; पांढरं फटक असेल तर लगेच मोठा जेट घालायचा.

नळ्यांची पुढची जोडी ७,००० आरपीएमसाठी, १.०५ मीटरची करायची आहे. ७५ मिलिमीटरच्या स्ट्रोकला तिथे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.५ मीटर होतो. त्यामुळे आधी क्रँक उघडून कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग बदलायचं आणि मगच पत्रा कापायचा, असं काकांशी ठरलं आहे.