चर्मपूरणातील सांधेजोड

संग्रहालयातील वाघ वा बिबट्या पाहून 'याच्यात पेंढा भरला आहे' असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः पेंढ्याचा काळ केव्हाच मागे पडला आहे. चर्मपूरण अर्थात टॅक्सिडर्मी या शास्त्रात कमावलेली कातडी एका हलक्या, पण मजबूत ढाच्यावर चढविली जाते. हा ढाचा बहुधा अनेक भागांचा असतो आणि प्राणी किती वर्षे उभा राहील, हे त्या भागांच्या सांध्यांवर अवलंबून असते.

ढाचा तुकड्यांत का?

या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत अमेरिकेचे कार्ल एकली (1864-1926) अग्रगण्य होत. प्राण्याची मातीची प्रतिकृती घडवायची, तिच्यावरून प्लॅस्टरचा साचा घ्यायचा आणि साच्यात कागदाचा लगदा व तारेची जाळी बसवून पोकळ ढाचा तयार करायचा, अशी त्यांची रीत होती. साचा उघडता यावा म्हणून तो भागाभागांत घेतला जाई. साहजिकच ढाचाही भागांत निघे व नंतर जोडावा लागे. शिकागोच्या फील्ड म्युझियममधील त्यांची आफ्रिकी हत्तींची जोडी आजही पाहावयास मिळते.

आज पॉलियुरेथेन फोमचे ढाचे वापरले जातात. तथापि मान वळवावयाची असेल किंवा धडाची लांबी कमी करावयाची असेल, तर हे ढाचेही कापून पुन्हा जोडावे लागतात.

जोडणीची पद्धत

प्रथम दोन्ही भाग कोरडेच एकमेकांस लावून पाहतात आणि सांध्यावर आडव्या खुणा करतात, म्हणजे पुढे जोडताना भाग सरकत नाहीत. साच्यातून निघालेल्या फोमचा पृष्ठभाग गुळगुळीत व किंचित तेलकट असल्याने त्यावर चिकटद्रव्य धरत नाही. म्हणून तो कानशीने खरवडून स्वच्छ करणे अगत्याचे असते.

केवळ चिकटद्रव्यावर विसंबणे धोक्याचे असते. दोन्ही भागांत खोलवर जाणारी लोखंडी सळई सांध्याचा भार पेलते. मात्र एकच गोल सळई घातल्यास तिच्याभोवती भाग फिरू शकतो. यास्तव दोन समांतर सळया घालतात. फोममध्ये स्क्रू पकड घेत नाही. त्यासाठी आत लाकडी ठोकळा बसवावा लागतो. पायांतील सळया ठोकळ्यास आवळून खाली फळीतून आरपार काढतात व नटांनी घट्ट करतात. ओल्या कातडीमुळे लोखंड गंजते, म्हणून सळयांना जस्ताचा मुलामा किंवा गंजरोधक रंग हवा.

यानंतर इपॉक्सी किंवा दोन द्रव मिसळून फुगणारा फोम सांध्यात भरून भाग पट्ट्यांनी आवळतात व तो पूर्ण कठीण होईपर्यंत हलवीत नाहीत. शेवटी फटी बुजवून सांधा कानशीने सपाट करतात. कातडी वाळताना आकसते आणि खालचा प्रत्येक उंचवटा वर दिसू लागतो. सांधा ढिला असेल तर आकसणारी कातडी तो ओढते, शिवण उसवते आणि कातडी फाटते. तशी कातडी पूर्ववत करणे फार कठीण असते.

आपली जबाबदारी

मुंबईत बोरिवली येथील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2009 मध्ये टॅक्सिडर्मी केंद्र सुरू झाले. मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांनी या कामी पुढाकार घेतला.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार मृत सापडलेला वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता ठरते व परवान्याशिवाय चर्मपूरणाचा व्यवसाय करता येत नाही. गावाच्या शिवारात असा प्राणी आढळल्यास पंचायत सदस्यांनी त्यास हात न लावता वन खात्यास त्वरित कळवावे.

शाळेत जुना नमुना असल्यास शिक्षकांनी मान, खांदे व पायांच्या बुडाशी भेगा पडल्या आहेत काय, हे पाहावे. नमुना हलविताना डोके, शेपटी वा पाय धरू नयेत. तो खालच्या फळीसह उचलावा. जुन्या नमुन्यांच्या कातडीस सोमलाचा लेप दिलेला असे. म्हणून विद्यार्थ्यांना त्यांस स्पर्श करू देऊ नये व स्वतः हातमोजे वापरावेत. एका प्राण्याची कातडी एकदाच मिळते. ती जपणे हे त्या प्राण्याच्या अभ्यासाचे साधन जपणे होय.