मत्स्यपेटीसाठी पावसाचे पाणी

हौसेखातर अथवा जोडधंदा म्हणून घरी काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्यांची मुख्य अडचण पाण्याची असते. दख्खनच्या पठारावरील पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. त्यात साबणाचा फेस लवकर येत नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना अपाय करतो. पावसाच्या पाण्यात हे दोन्ही दोष नसतात.

पेटीतील पाण्याची वाफ होते, परंतु क्षार मागेच राहतात. आटलेल्या पाण्याची भर विहिरीच्या पाण्याने घातल्यास क्षार वाढतच जातात. ही भर पावसाच्या पाण्याने घालावी. हाच त्याचा सर्वांत मोठा उपयोग होय.

साठवण

मंगलोरी कौलांचे छप्पर या कामी चांगले. जस्ती पत्र्यावरील अथवा डांबर लावलेल्या छपरावरील पाणी घेऊ नये. पाण्यात उतरलेले जस्त माशांना विषासमान आहे. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी धूळ, पाला व पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, ते सोडून द्यावे. पुढेही प्रत्येक पावसाच्या आरंभीचे पाणी वाहू द्यावे. नंतर पन्हळीखाली स्वच्छ पिंप किंवा रांजण ठेवून पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. 10 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर 100 लिटर पाणी होते; वाया जाणारे वगळून सुमारे 80 लिटर हाती येते. भांड्याचे तोंड घट्ट झाकावे. उघड्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात व डेंग्यूसारखे रोग पसरतात.

वापर

पेटी नुसत्या पावसाच्या पाण्याने कधीही भरू नये. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य कुजून पाणी आम्ल होऊ लागते. विहिरीच्या पाण्यातील क्षार या आम्लतेला आवर घालतात. पावसाच्या पाण्यात ते जवळजवळ नसतात. अशा पेटीतील मासे एकाएकी दगावतात. म्हणून पाणी बदलताना दोन्ही पाणी समभाग मिसळावे. गप्पी व मोली यांना जड पाणी मानवते. त्यांच्यासाठी विहिरीच्या तीन भागांत पावसाचा एक भाग पुरे.

एका वेळी पेटीतील चौथ्या हिश्शाहून अधिक पाणी बदलू नये. नवे पाणी पेटीतील पाण्याइतकेच उबदार असावे. काढलेले पाणी फेकू नये. त्यात खताचा अंश असतो. ते परसातील भाजीपाल्यास द्यावे. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी या गोष्टी पावसाळ्यापूर्वीच मत्स्यपालकांना समजावून द्याव्यात.