एका दाण्यावर साठ हजार कोटी

भुईमुगाचा एक दाणा घ्या, अर्ध्या ग्रॅमचा. ट्रॉम्बेच्या भाभा अणु संशोधन केंद्रात नवे वाण मिळावेत म्हणून अशा दाण्यांवर किरणांचा मारा करतात. मात्रा 250 ग्रे धरू; ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक. माणसाच्या सर्वांगाला एकदम 4-5 ग्रे लागले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. दाणा त्याच्या पन्नासपट सोसतो आणि तरी उगवतो!

एवढ्या माऱ्यात ऊर्जा किती? एक ज्यूलचा आठवा हिस्सा. तेवढ्यात तो दाणा फार तर 25 मीटर उंच उचलता येईल. पण कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांत मोजली तर हीच ऊर्जा सुमारे 60 हजार कोटी कणांची भरते. समोर भुईमुगाच्या एका जनुकसंचातली सुमारे 270 कोटी अक्षरं, माणसाहून थोडीच कमी. कुठला कण कुठं आदळेल, हे कुणाच्याही हाती नाही. त्यातून अक्षरांत होणारे बहुतेक बदल निरुपयोगी, कित्येक घातक. बुटकेपणासारखा बदल तर अनेकदा पहिल्या पिढीत लपून राहतो आणि दुसऱ्या पिढीत चारांतल्या एखाद्या झाडात उघडा पडतो. म्हणून खरं काम किरणांचं नाही, वाफ्यात वाकून झाडामागून झाड पाहणाऱ्या डोळ्यांचं आहे.

आणि बुटकं झाड हवं कशाला? भुईमुगाचं फूल लागतं वर, शेंग धरते मातीत. फुलातून सुटलेली आरी जमिनीत घुसली तरच शेंग. झाड उंच वाढलं की वरच्या आऱ्या अधांतरीच वाळतात. त्या टेकाव्यात म्हणून शेतकरी पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात. पेरं आखूड झाली की फुलं जमिनीजवळ येतात, आणि झाडाची ताकद पाल्याऐवजी शेंगांकडे वळते.

ट्रॉम्बेत सुरुवात झाली 'स्पॅनिश इम्प्रूव्हड' वाणाच्या बियांना क्ष-किरण देऊन. 1973 मध्ये 'टीजी-1' आला. मग किरणांतून मिळालेल्या झाडांचे आपसांत संकर होत गेले आणि 1991 मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठासोबत 'टॅग-24' उतरला: ठेंगणा, गच्च, गडद हिरव्या बारीक पानांचा. झाडाच्या एकूण वजनातलं जवळपास निम्मं शेंगांत! मला या साऱ्या कहाणीतला हाच आकडा सर्वांत मोठा वाटतो.

बीडजवळच्या पालीत, बिंदुसरा धरणाच्या शेजारी, कुणी एकरभर भुईमूग 30 बाय 10 सेंटिमीटरवर पेरला, असं समजू. झाडं होतील सुमारे 1 लाख 33 हजार. प्रत्येक झाडाची फक्त एक आरी जास्त टेकली आणि तिची एक ग्रॅमची शेंग भरली, तर एकरी सव्वा क्विंटलहून जास्त वाढ. एका आरीची!

पण भुईमुगाचं बी वाढतं सावकाश. मोहरीचं एक झाड शेकडो बिया देतं. इथं पेरलेल्याच्या दसपट मिळालं तरी चांगलं. निवडलेल्या एका झाडाचे 14 ग्रॅम दाणे धरले, तर चार हंगामांनी हाती येतात 140 किलो, म्हणजे जेमतेम तीन एकरांचं बियाणं.