गांजा जुना होतो, खोटं जुनं होत नाही

आजचा प्रश्न: कॉलेजात कधीतरी गांजा ओढला असेल, तर अमेरिकेत सरकारी गुपितं हाताळायची परवानगी, म्हणजे सिक्युरिटी क्लिअरन्स, मिळते का?

आधी एक गोष्ट क्लिअर करू. ही परवानगी साधारणपणे अमेरिकन नागरिकांनाच मिळते. एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवाल्यांचा इथे नंबर लागत नाही. पण तिकडेच जन्मलेली आपली भावंडं डिफेन्स कंपनीत अर्ज करतात, तेव्हा त्यांच्यासमोर एसएफ-८६ नावाचा लांबलचक फॉर्म येतो. त्यात थेट विचारतात: गेल्या ७ वर्षांत ड्रग्ज घेतले का?

इथेच अनेक जण फसतात. ‘आमच्या राज्यात गांजा लीगल आहे,’ हे उत्तर चालत नाही. कॅलिफोर्नियात मौजेसाठी ओढणं कायदेशीर असलं, तरी हा फॉर्म केंद्राचा कायदा धरतो.

मग हो लिहिलं की सगळं संपलं का? नाही. २०१७ पासून लागू असलेल्या नियमांत १३ निकष आहेत आणि माणसाचा एकूण विचार होतो. किती वर्षांपूर्वी घेतलं, किती वेळा, आता सुटलंय का, ते मित्र सुटलेत का, हे सगळं बघतात. पुन्हा घेणार नाही असं लेखी देता येतं. मात्र आजही घेत असाल, तर कायद्यानेच दार बंद.

आता दुसरी बाजू. फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं आणि इन्व्हेस्टिगेटर तुमच्या जुन्या रूममेटशी बोलला, तर? मग प्रश्न गांजाचा राहत नाही, तुमच्या शब्दाचा होतो. त्यासाठी वेगळा निकष आहे. शिवाय जाणूनबुजून खोटं लिहिणं हा गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उलट, ड्रग्जच्या प्रश्नाला दिलेलं खरं उत्तर फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणार नाही, असं फॉर्मवरच छापलंय.

आपल्या भाषेत सांगायचं तर जुना बग फिक्स झाला की विषय मिटतो. पण कुणी लॉग खोडले, तर त्याला परत अ‍ॅक्सेस कोण देणार? २०१९ चा गांजा दरवर्षी जुना होत जातो. खोटं मात्र फॉर्मवर सही केली त्या तारखेचं, अगदी ताजं असतं.

आणि चुकून काही राहिलंच, तर त्यांनी पकडायच्या आधी स्वतःहून सांगा. नियमांत त्याचीही दखल घेतात.